चौथं पुस्तक कपाटात

ताई,

मी पस्तिशी ओलांडलेली, माहेर कोल्हापूरचं, सध्या पुण्यात. लेक आठ वर्षांची, तिसरीत. विषय ऐकून हसू नका.

मी हॅरी पॉटरबरोबर मोठी झाले. २००१ मध्ये मी सहावीत होते. माझं आतेभावंड मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलं ते तोवर निघालेली चारही पुस्तकं घेऊन. आम्ही दोघांनी गच्चीवर बसून, शेजारी डिक्शनरी ठेवून ती वाचली. पुढची तीन जशी आली तशी. शेवटचं आलं तेव्हा मी बारावीत होते आणि आई दर अर्ध्या तासाने अभ्यासाची आठवण करून देत होती.

लेक झाली तेव्हाच मी ठरवलं होतं की तिला दर वाढदिवसाला एक पुस्तक द्यायचं. सातव्या वर्षी पहिलं, तेराव्या वर्षी शेवटचं. म्हणजे तीही माझ्यासारखीच त्यांच्याबरोबर मोठी होईल. पहिलं दिलं, यंदा दुसरं दिलं. ते तिने चार दिवसांत संपवलं, तिसरं मैत्रिणीकडून आणून वाचलं आणि आता चौथं मागते आहे. माझा जुना संच मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. परवा तिला किल्ली शोधताना पकडलं. मी ओरडले, ती रडली. म्हणाली, "पुस्तक म्हणजे काय चॉकलेट आहे का, रोज एकच द्यायला?" नवरा म्हणतो, देऊन टाक. सासूबाई म्हणतात, भुताखेतांची पुस्तकं मुळात द्यायचीच कशाला.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. ते आतेभावंड आता माझी आतेबहीण आहे. काही वर्षांपूर्वी तिने घरात सांगितलं, तेव्हा मी तिच्या बाजूने उभी राहिले. या पुस्तकांच्या लेखिकेने, जे. के. रोलिंगने, ट्रान्स लोकांबद्दल जे लिहिलं ते वाचून तिने स्वतःचा सगळा संच रद्दीत दिला. गणपतीत ती आमच्याकडे राहायला येते. लेकीच्या हातात ते पुस्तक बघून तिला काय वाटेल? मला सारखं वाटतं की मी तिला फसवते आहे.

आणि खरं सांगू का, लेक ती पुस्तकं वाचते तेव्हा मला आनंद कमी आणि चिडचिड जास्त होते. तिला हॅरीचा जिवलग मित्र रॉन आवडत नाही. हॅरीला छळणारा ड्रॅको कूल वाटतो.

— किल्ली सांभाळणारी, पुणे

*

प्रिय किल्लीवाली,

तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मीही एकेरीवरच येते. आणि हसले नाही. या सदरात सासूने लावलेल्या कुलपांबद्दल ढीगभर पत्रं येतात. आईने पुस्तकाला लावलेल्या कुलपाबद्दल हे पहिलंच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

चौथं पुस्तक देऊन टाक. कोणत्या वारी द्यायचं आणि त्यातली कोणती प्रकरणं तिला एकटीला वाचू द्यायची नाहीत, ते पुढे सांगते. आधी तुझ्या पत्रातल्या हिशेबाकडे बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिलं पुस्तक इंग्लंडमध्ये २६ जून १९९७ ला आलं. मग १९९८, १९९९ आणि २००० या वर्षांच्या जुलैत एकेक. म्हणजे २००१ च्या मे महिन्यात ती पिशवी कोल्हापूरला उतरली तेव्हा चारही छापून तयार होती, आणि तुम्ही दोघांनी ती एकाच सुट्टीत फस्त केलीत. हे तूच लिहिलं आहेस. पहिल्यात हॅरीला हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचं पत्र आलं आणि चौथ्यात तो कबरस्तानात पोहोचला, या दोन्हींमध्ये तुझे जेमतेम काही आठवडे गेले. तेही अर्ध्या शब्दांचे अर्थ न कळता. मग दर वाढदिवसाला एक, ही शिस्त आली कुठून? तुझ्या लहानपणात तर ती नव्हती.

ज्याला तू बरोबर मोठं होणं म्हणतेस ते सुरू झालं पाचव्यापासून. जून २००३, जुलै २००५, जुलै २००७. तू तेरा, पंधरा, सतरा. त्या पुस्तकांमधला हॅरी पंधरा, सोळा, सतरा. तो पुढे होता, तू मागून धावत होतीस, आणि तुम्ही एका वयाचे झालात ते थेट सातव्या पुस्तकात. इंग्लंडमधल्या ज्या मुलांनी १९९७ मध्ये अकराव्या वर्षी पहिलं वाचलं, ती सातवं आलं तेव्हा एकवीस वर्षांची होऊन नोकऱ्या शोधत होती, म्हणजे त्यांनी हॅरीला केव्हाच मागे टाकलं होतं. कथेतल्या तारखा धरल्या तर त्याचा जन्म १९८० चा, म्हणजे आज तो चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. पावलाला पाऊल जुळवून त्याच्याबरोबर कुणीच मोठं झालं नाही. अपवाद फारतर चित्रपटातल्या पोरांचा. चित्रीकरण २००० मध्ये सुरू झालं तेव्हा हॅरीचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ अकरा वर्षांचा होता, संपलं तेव्हा विशीत होता. पण तो तर नोकरीच करत होता.

तरी तुझ्या पिढीतल्या हजारोंना तसं वाटतं आणि ते खोटं नाही. ते वाटतं थांबण्यामुळे. चौथ्यानंतर पाचवं यायला जवळपास तीन वर्षं लागली. सहाव्यानंतर दोन. त्या दोन वर्षांत स्नेप मास्तर आपले की शत्रूचे, शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर खरंच मेला का, लॉकेटमधल्या चिठ्ठीवरची ती तीन अक्षरं कुणाची, यावर ऑर्कुटवर आणि शाळेच्या बसमध्ये जेवढा खल झाला तेवढा दहावीच्या प्रश्नपत्रिकेवर झाला नसेल. शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला लंडनमध्ये मध्यरात्र उलटताच विक्रीला आलं. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, आणि आपल्या मोठ्या शहरांतली पुस्तकांची दुकानंही त्या शनिवारी सकाळी लवकर उघडली. दारात जांभया देणारे बाप आणि टक्क जागी पोरं. त्याआधीच्या आठवड्यात कुणीतरी पानापानाचे फोटो काढून ते इंटरनेटवर टाकले होते, आणि ज्यांना शेवट आधी कळायला नको होता त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. सतरा वर्षांच्या मुलामुलींनी स्वतःहून इतका संयम पाळल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

पण त्या थांबण्यात आणि तुझ्या कपाटात फरक आहे. तुला कुणी थांबवलं नव्हतं. पुस्तक जगात नव्हतंच. स्कॉटलंडमध्ये एक बाई ते लिहीत होती, आणि तिच्या प्रकाशकापासून इचलकरंजीतल्या पोरापर्यंत सगळे एकाच रांगेत उभे होते. रागवायचं कुणावर? तुझी लेक मात्र रांगेत एकटीच आहे. मैत्रिणीच्या घरी सातही पुस्तकं खोक्यात बसवलेली. स्वतःच्या घरी ती दहा पावलांवर, आणि किल्ली आईच्या पर्समध्ये. याला वाट बघणं म्हणत नाहीत. ही बंदी झाली, आणि बंदी आली की आठ वर्षांची मुलगी जे करते तेच ती करते आहे. तिच्यापासून राखून ठेवलेली गुपितंसुद्धा बहुतेक फुटलेली असणार. डंबलडोरचं काय होतं ते वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलंय का, एकदा सहज विचारून बघ.

तिला वाट बघण्याची मजा कळावी अशी हौस असेल तर जे खरंच अजून यायचंय ते तिच्या हातात दे. अजून लिहून पूर्ण न झालेली एखादी मालिका. किंवा बालभारतीचं 'किशोर' लाव. १९७१ पासून ते मासिक निघतंय आणि पुढचा अंक पुढच्या महिन्यातच येतो, आईने ठरवलं तरी आधी येत नाही.

आता थोडं तुझ्या बाजूने. चौथ्याची तुला धास्ती वाटते, ती अगदीच अनाठायी नाही. पहिल्या तीन पुस्तकांच्या ब्रिटिश आवृत्त्या २२३, २५१ आणि ३१७ पानांच्या. चौथं एकदम ६३६. आणि फक्त जाडी वाढत नाही. पहिल्या तीन पुस्तकांत जे मरतात ते बहुतेक सगळे गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेले असतात. चौथ्यात मात्र पहिल्याच प्रकरणात एक म्हातारा माळी मारला जातो. रिकाम्या वाड्यात दिवा दिसला म्हणून काठी टेकत वर गेलेला, पाय अधू असलेला साधा माणूस. मग तीसेक प्रकरणं ड्रॅगन, नाचाचा कार्यक्रम, रॉन आणि हॅरीची मैत्रीण हर्मायनी यांची भांडणं यांत मजेत जातात आणि वाचणारा त्या म्हाताऱ्याला विसरतो. बत्तिसाव्या प्रकरणात कबरस्तान येतं, आणि हॅरीच्या शाळेतला सेड्रिक एका वाक्यात जातो. त्याला काही शूर बोलायची संधी मिळत नाही, आपल्याला रडायला वेळ मिळत नाही. मरण्याला काही कारणच नसतं, तो फक्त तिथे असतो. आठ वर्षांच्या मुलीला याचा त्रास होईल का? होऊ शकतो. तेराव्या वर्षीही होईल. व्हायला हवा असंच ते लिहिलेलं आहे.

पण गोष्टीतल्या मरणाचं आपण भलतंच मनावर घेतो, तेही फक्त इंग्रजी पुस्तकातल्या. श्रावणबाळाची गोष्ट आपण बालवाडीतल्या पोरांना सांगतो. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी आणायला गेलेल्या मुलाला राजाचा बाण लागतो आणि म्हातारी माणसं तहानलेली वाट बघत राहतात. अभिमन्यू सोळा वर्षांचा, त्याला सहा-सात मोठी माणसं घेरून मारतात. एकलव्याचा अंगठा. सासूबाईंनी लहानपणी चांदोबा वाचला असेल, तर प्रेत खांद्यावर टाकून चालणारा विक्रमादित्य दर महिन्याला त्यांच्या घरी येत होता आणि त्यांचं काही बिघडलं नाही. हे त्यांना असं तोंडावर सांगू नकोस. त्यापेक्षा पहिल्या पुस्तकाचा मराठी अनुवाद वाचनालयात मिळतो का बघ आणि त्यांच्या हाती दे. दुपारी वाचतील. मग घरातलं भांडण निदान पुस्तक वाचलेल्यांमध्ये होईल.

फरक आहे तो एवढाच की श्रावणबाळाची गोष्ट सांगताना कुणीतरी जवळ बसलेलं असतं. म्हणून चौथ्यातली ३२, ३३ आणि ३४ ही तीन प्रकरणं तू मोठ्याने वाच, ती शेजारी असताना, दिवसाउजेडी. बाकीचं पुस्तक तिचं तिला वाचू दे. वाचताना मुलाला झेपतं तेवढंच त्याला दिसतं. न झेपणारं ते भराभर ओलांडून जातं, किंवा पुस्तक मिटून खेळायला पळतं.

चित्रपटाचं तसं नाही. तिथे दिग्दर्शकाला जेवढं दाखवायचं असतं तेवढं सगळं, भल्यामोठ्या आवाजासकट, अंगावर येतं. ब्रिटनमध्ये पहिल्या तीन चित्रपटांना पालकांच्या सल्ल्याने बघण्याचं साधं प्रमाणपत्र मिळालं. चौथ्यापासून पुढच्या सगळ्यांना मात्र बारा वर्षांखालच्या मुलांनी थिएटरात मोठ्या माणसाबरोबरच यावं, असं. प्रमाणपत्र देणाऱ्या तिथल्या मंडळाचं हे गणित मला पटतं. कुलूप लावायचंच असेल तर तिथे लाव.

पाचवं पुस्तक स्वतःच स्वतःचा पहारेकरी आहे. ७६६ पानं, हॅरी अर्धा वेळ सगळ्यांवर खेकसतोय, आणि जादूच्या मंत्रालयातल्या कारकुनी दुष्टपणाची पानंच्या पानं. कितीतरी मुलं तिथे अडकतात आणि वर्ष-दोन वर्षांनी आपणहून परत येतात. तुझ्या लेकीने तिथे पुस्तक खाली ठेवलं, तर आग्रह करू नकोस. तुला हवं असलेलं अंतर तिथे आपोआप पडेल.

आणि त्याच पुस्तकात तुझ्या कपाटाची गोष्ट आहे, ती तू विसरली आहेस. हॅरीला किती सांगायचं यावरून रॉनची आई मिसेस वीझली आणि हॅरीचा धर्मपिता सिरियस यांचं जेवणाच्या टेबलावर कडाक्याचं भांडण होतं. ती म्हणते तो अजून लहान आहे, सिरियस म्हणतो त्याने जे सोसलंय ते बघता लहान कसला. मग सगळं पुस्तक उलगडतं आणि शेवटी कळतं की सिरियस गेला त्यामागे डंबलडोरची एक मोठी चूक होती: त्याने हॅरीपासून त्याच्याबद्दलचीच भविष्यवाणी लपवली. दुष्टपणाने नाही. पोरगा सुखात राहावा, अजून एक वर्ष, अजून एक वर्ष, असं करत. शेवटी तो म्हातारा हॅरीसमोर बसून कबूल करतो की तुझ्यावर माया होती म्हणून मी सांगायचं टाळत राहिलो. तेराव्या वर्षी तू हे हॅरीच्या बाजूने वाचलंस आणि डंबलडोरवर रागावलीस. आता वाचून बघ कुणाच्या बाजूला उभी राहतेस.

अजून एक पान सांगते. सिरियसच्या जुन्या काळोख्या घरात एका डेस्कमध्ये बॉगार्ट लपलेला असतो, समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ते रूप घेणारा. मिसेस वीझली रात्री एकटीच त्याला घालवायला जाते. तो तिच्यासमोर तिचा रॉन होऊन पडतो, मेलेला. मग बिल, मग नवरा, मग जुळे, मग पर्सी, मग हॅरी. ही बाई सात पोरांना वाढवलेली, एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणारी, आणि तिथे तिची कांडी थरथरते, साधा मंत्र तोंडातून निघत नाही, ती भिंतीला टेकून हुंदके देत राहते. गच्चीवर किंवा कुठेही असशील, पंधरा वर्षांच्या हॅरीची घाई असलेल्या तुला ते पान लांबण वाटलं असणार. सगळ्यांनाच वाटलं. ते पान आईबापांसाठी लिहिलेलं आहे आणि आता कुठे तुझी पाळी आली आहे.

तुझ्या चिडचिडीचं मूळही मला इथेच दिसतं. तुला ती पुस्तकं पुन्हा वाचायची आहेत, आणि ते तू लेकीकडून करून घेते आहेस. ती तुझ्या जागी रडत नाही, तुझ्या आवडत्या माणसावर प्रेम करत नाही, म्हणून तुझा विरस होतो. अगं, तिला रॉन नसेल आवडत. आठव्या वर्षी सगळ्यांना हुशार नाहीतर ऐटबाज माणसं आवडतात, साधा मित्र आवडायला थोडं वय व्हावं लागतं. ड्रॅकोची काळजी तर मुळीच नको. सहाव्या पुस्तकात तो बाथरूममध्ये रडताना सापडतो, तिथून पुढे कूल राहणं त्याला जमत नाही. ती वाचत असताना तोंडाकडे बघत बसू नकोस, "कुठवर आलीस, रडलीस का" विचारू नकोस. तू तुझं वाच.

आता आतेबहीण.

जे घडलं ते थोडक्यात, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. २०१९ च्या अखेरीस जे. के. रोलिंगने उघडपणे भूमिका घ्यायला सुरुवात केली आणि जून २०२० मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर लांबलचक लेख लिहिला. बाई असणं हे जन्माच्या शरीराशी बांधलेलं आहे, आणि ट्रान्स स्त्रियांना स्त्री म्हणून सगळीकडे मान्यता दिली तर बाकीच्या बायकांच्या सुरक्षिततेला बाध येतो, असा त्याचा रोख. तेव्हापासून ती मागे हटलेली नाही. काही स्त्रिया तिच्या बाजूने आहेत, त्यांची कारणंही आहेत. मी तिच्याशी सहमत नाही, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. जिन्याखालच्या फडताळात झोपणाऱ्या, घरच्यांनी खोटं नाव दिल्यासारखं आयुष्य जगणाऱ्या पोराला त्याची खरी जागा मिळते, ही गोष्ट तुझ्या बहिणीने गच्चीवर वाचली होती. तिने ती स्वतःची म्हणून वाचली असणार. पुढे त्याच हाताने लिहिलेलं दुसरं वाचून तिने संच रद्दीत दिला, तर त्यात अति काहीच नाही.

त्या लेखाच्या दोनच दिवस आधी, तिच्या ट्विट्सनंतर, डॅनियल रॅडक्लिफने, तोच तो वीसेक वर्षांचा होईतो हॅरी झालेला, जाहीरपणे लिहिलं की ट्रान्स स्त्रिया या स्त्रियाच आहेत. आणि ज्यांना आता ही पुस्तकं डागाळल्यासारखी वाटतात त्यांच्याबद्दल त्याने खेद व्यक्त केला. या गोष्टींतून तुम्हाला जे मिळालं ते तुमचं आणि पुस्तकाचं आपापसातलं आहे, दुसऱ्या कुणी त्याला हात लावू शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा भाव होता. मला ते पटतं. पण हे तू तुझ्या बहिणीला ऐकवायचं नाही. तिला वाटलं तर ती म्हणेल. ज्याला लागलंय त्याला त्याच्या जखमेवरचं औषध आपण सुचवायचं नसतं, विचारल्याशिवाय तर नाहीच.

फसवणूक म्हणशील तर ती तू अजून केलेली नाहीस, पण गणपतीच्या आदल्या दिवशी पुस्तकं माळ्यावर टाकलीस आणि लेकीला "मावशीसमोर बोलू नकोस" असं बजावलंस, तर करशील. शिवाय आठ वर्षांची मुलगी ते पहिल्या मोदकाबरोबर सांगून मोकळी होईल. ती यायच्या आधी, चांगलं पंधरा दिवस आधी, तिला फोन कर. सरळ सांग की लेक माझी जुनी पुस्तकं वाचते आहे, तुला आल्यावर दिसतील म्हणून आधीच सांगतेय. एवढंच. "तुला चालेल ना?" असं विचारू नकोस. तो प्रश्न विचारलास की तुला मोकळं करायचं काम तिच्या गळ्यात पडतं, आणि तिने आजवर नातेवाइकांना पुरेसं मोकळं केलंय. ती चिडली तर ऐकून घे. गप्प बसली तर तेही ऐकून घे. बोलायचंच नाही म्हणाली तर ते तिथेच सोड आणि तिच्या गाडीची वेळ विचार.

पैशाचं मात्र तू ठरवू शकतेस आणि ते फोनवर सांगण्यासारखं आहे. जुना संच वाचला, वाचनालयातून आणला, अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड घेतला, तर लेखिकेला त्यातून काही मिळत नाही. नवा संच, कांडी, टोपी, मफलर घेतलं तर मिळतं. सातही पुस्तकांवर नवी मालिका बनते आहे. ती आली की शाळेच्या डब्यापासून दप्तरापर्यंत सगळीकडे हॉगवर्ट्सचा शिक्का दिसेल आणि लेक हट्ट धरेल. तेव्हाचं उत्तर नवरा-बायकोने आत्ताच ठरवून ठेवा.

लेकीला काय सांगायचं, हे तू विचारलं नाहीस, पण सांगते. मावशी कोण आहे हे तिला माहीत असेलच, पोरांना ते आपल्यापेक्षा सोपं जातं. तिला म्हण, ज्या बाईने हे पुस्तक लिहिलं तिने मावशीसारख्या माणसांबद्दल असं काही लिहिलंय ज्याने मावशीला फार वाईट वाटलं, म्हणून मावशीने तिची पुस्तकं देऊन टाकली. ती विचारेल, मग आपण का वाचतो? तयार उत्तर शोधू नकोस. दुसऱ्या पुस्तकात हर्मायनीला तिच्या जन्मावरून शिवी दिली जाते तेव्हा काय झालं होतं, हे तिला चांगलं आठवत असेल. ती तिथूनच विचार करेल, कदाचित तुझ्याआधी कुठेतरी पोहोचेल. आणि ती मावशीशी स्वतःच काही बोलली तर मध्ये पडू नकोस.

आता वाराचं. चौथं पुस्तक शुक्रवारी संध्याकाळी दे. रविवारी रात्री नको, कारण त्या म्हाताऱ्या माळ्याचं प्रकरण पहिलंच आहे आणि सोमवारी शाळा असते. कुलूप काढून टाक आणि सगळा संच खालच्या फळीवर आण, बाकीचीही. तुमच्या अकराव्या वर्षीच्या पेन्सिलीच्या खुणा, समासात लिहिलेले डिक्शनरीतले अर्थ असतील तर खोडायला बसू नकोस. कबरस्तानाची तीन प्रकरणं दुपारी मोठ्याने वाच. तिने आधीच पांघरुणात टॉर्च लावून वाचलेली असली, तर रागावू नकोस, पुन्हा वाच.

आणि पाचवं तू आजच काढ. ७६६ पानं आहेत, घरचं सगळं सांभाळून तुला महिना तरी लागेल. ती चौथं संपवून मागायला आली, तर तिला सांग, घरात प्रत एकच आहे आणि मी वाचते आहे, माझं झालं की तुझं. ती पान कितवं म्हणून विचारायला रोज येईल. तेव्हा सांगता आलं पाहिजे, एवढं बघ.